हेल्म : कंटेनर-समूहावर तयार संच बसविण्याचे साधन

अनेक संगणक एकत्र जोडून उभारलेल्या समूहावर गुंतागुंतीचे सॉफ्टवेअर टंकलिखित आदेशाने बसविण्याचे, बदलण्याचे व काढून टाकण्याचे साधन. हेल्म म्हणजे जहाजाचे सुकाणू. ज्या प्रणालीच्या आधाराने हे साधन चालते त्या ‘कुबरनेटीज’चे नाव सुकाणू धरणारा ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतलेले असून, बसवावयाच्या संचास ‘चार्ट’ म्हणजे दर्यावर्दी नकाशा असे म्हणतात. ह्या विषयाची बहुतेक परिभाषा अशी बंदरावरची आहे. इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस ऑफ द एरिथ्रीअन सी ही नाविकांची मार्गदर्शिकाही ग्रीक भाषेतच लिहिलेली आहे. तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर येथून साधे कापड व मलमल गाड्यांवर लादून वाटा नसलेल्या मुलखातून भडोच बंदराकडे नेत, असे तीत नमूद आहे.

त्याच जिल्ह्यातील शाळेत आज बालभारतीचे पाठ्यपुस्तक उघडले, तर धड्याजवळ क्यूआर कोडचा लहानसा काळा-पांढरा चौकोन छापलेला दिसतो. तो भ्रमणध्वनीने टिपला की, भारत सरकारच्या ‘दीक्षा’ ह्या व्यासपीठावरील त्या धड्याचे साहित्य समोर येते. विद्यार्थ्याला ते एका यंत्रातून आल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात मात्र विद्यार्थ्याची ओळख पटविणे, साहित्याचा शोध घेणे, ते पुरविणे, वापराची नोंद ठेवणे ही कामे स्वतंत्र सॉफ्टवेअर-घटक करीत असतात. प्रत्येक घटकाच्या अनेक प्रती एकाच वेळी चालू असतात. हे सर्व घटक योग्य क्रमाने व परस्परांचे पत्ते बिनचूक देऊन उभे करणे, हा प्रस्तुत साधनाचा विषय होय.

सॉफ्टवेअर एका यंत्रावर चालते व दुसऱ्यावर चालत नाही, ही तक्रार जुनी आहे. त्याच्या भोवतालच्या उपसामग्रीच्या आवृत्त्या यंत्रागणिक भिन्न असतात, हे त्याचे कारण. त्यावरील उपाय म्हणून सॉफ्टवेअर व त्याची उपसामग्री एकाच बंद पेटीत घालण्याची कल्पना हळूहळू रूढ झाली. युनिक्स प्रणालीत 1979 मध्ये एखाद्या प्रक्रियेला फाइलींचा मर्यादित भागच दिसेल अशी सोय झाली. फ्रीबीएसडी प्रणालीत 2000 मध्ये ‘जेल’ आले. तर गूगलमधील अभियंत्यांनी सुरू केलेली साधनसामग्रीचे वाटे पाडण्याची योजना 2008 मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली. सामान्य प्रोग्रॅमरच्या हाती ही पेटी दिली ती 2013 मध्ये प्रकाशित झालेल्या ‘डॉकर’ने. कंटेनर हे नाव अर्थात जहाजावरील पेट्यांचे आहे. 1956 मध्ये ‘आयडियल एक्स’ हे जहाज न्यूअर्कहून 58 पेट्या घेऊन ह्यूस्टनला गेले, तेव्हापासून मालवाहतुकीत जे घडले त्याची ही नक्कल होती. पेटीत काय आहे हे यारीला ठाऊक असण्याचे कारण उरले नाही.

पेट्या शेकड्यांनी वाढल्यावर त्या कोणत्या संगणकावर ठेवावयाच्या, बंद पडलेली पेटी पुन्हा कोणी चालू करावयाची, हे प्रश्न आले. गूगलने आपल्या अंतर्गत ‘बोर्ग’ प्रणालीच्या अनुभवावरून कुबरनेटीज ही प्रणाली जून 2014 मध्ये जाहीर केली व तिची पहिली पूर्ण आवृत्ती जुलै 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. तिची रीत अशी, की चालकाने कृती सांगावयाची नाही, इष्ट स्थिती लिहून द्यावयाची. ‘ह्या घटकाच्या तीन प्रती असाव्यात’ असे लिहिले, की प्रणाली तीन प्रती राखण्याचा सतत प्रयत्न करते. मात्र एका घटकासाठीही अशी अनेक पत्रके लागतात आणि चाचणीच्या समूहासाठी वेगळी, प्रत्यक्ष वापराच्या समूहासाठी वेगळी असे करीत त्यांचा ढीग वाढत जातो. एका संगणकापुरता हा प्रश्न डेबियन, रेड हॅट ह्या लिनक्स-वितरणांनी 1990 च्या दशकातच सोडविला होता; समूहासाठी तसे काही नव्हते.

ती उणीव भरून काढण्याचा प्रयत्न डेइस ह्या लहान अमेरिकन कंपनीत 2015 मध्ये झाला. मॅट बुचर व त्याच्या सहकाऱ्यांनी केलेले हेल्म त्याच वर्षी कुबरनेटीजच्या पहिल्या परिषदेत मांडले गेले. 2016 च्या आरंभी गूगलच्या एका समांतर साधनाशी त्याचा संयोग होऊन हेल्मची दुसरी आवृत्ती आकारास आली. चार्टात पत्रकांचे साचे असतात आणि बदलणाऱ्या गोष्टी, उदा., प्रतींची संख्या, पत्ता, स्मृतीची मर्यादा, एका मूल्यपत्रात वेगळ्या काढलेल्या असतात. ‘हेल्म इन्स्टॉल’ असा आदेश टंकित केला म्हणजे साचे व मूल्ये ह्यांच्या मिश्रणातून पत्रके तयार होऊन समूहाकडे जातात. ‘अपग्रेड’ने नवी मूल्ये लागू होतात, ‘रोलबॅक’ने आधीच्या नोंदीकडे परतता येते. प्रत्येक बदलाला क्रमांक मिळतो. शेवटचा विशेष लहान वाटला, तरी रात्री-अपरात्री बिघाड निस्तरणाऱ्याला तोच सर्वांत मोलाचा ठरतो.

दुसऱ्या आवृत्तीत एक मोठा दोष होता व तो तिच्या रचनेतच होता. आदेश देणारा आपल्या यंत्रावर बसे. पण प्रत्यक्ष काम समूहात राहणारा ‘टिलर’ (सुकाणूचा दांडा) हा मध्यस्थ करी. त्याला सर्वांच्या वतीने काम करावयाचे असल्यामुळे बहुधा संपूर्ण समूहाचा अधिकार देण्यात येई. त्याच्या मूळ मांडणीत विचारणाऱ्याची ओळख तपासली जात नसे. साहजिकच समूहातील एखाद्या क्षुल्लक पेटीत शिरकाव करणाऱ्याला टिलरकरवी सर्वच समूह हाती घेणे शक्य होते. कुबरनेटीजमध्ये 2017 च्या सुमारास व्यक्तिपरत्वे अधिकार वाटून देण्याची पद्धत रूढ झाल्यावर ही विसंगती उघडी पडली. ज्याला एकाच कोठडीची किल्ली द्यावयाची, तो टिलरला सांगून सर्व वाडा उघडू शके. टिलरला संरक्षण देण्याच्या सूचना पुढे आल्या खऱ्या, पण त्या पाळण्याचा भार चालकावर होता.

दुसरा दोष विस्मरणाचा. मागे परतताना टिलर जुन्या व नव्या पत्रकांचीच तुलना करी, समूहाची प्रत्यक्ष स्थिती पाहत नसे. कोणी घाईत हाताने प्रतींची संख्या शून्य केली आणि मागाहून ‘रोलबॅक’चा आदेश दिला, तर कागदोपत्री दोन्हीकडे तीनच प्रती असल्याने काहीच बदल होत नसे व सेवा बंदच राही. 13 नोव्हेंबर 2019 रोजी प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या आवृत्तीने टिलर काढून टाकला. आदेश देणाऱ्याचा अधिकार तोच हेल्मचा अधिकार ठरला, नोंदी त्या त्या विभागातच राहू लागल्या आणि तुलनेत प्रत्यक्ष स्थितीही धरली जाऊ लागली. एखादे साधन त्यातील मुख्य यंत्र वगळून सुधारावे, असे संगणनाच्या इतिहासात विरळाच घडते.

चार्टांचा साठा हा वेगळा प्रश्न होता. आरंभी बहुतेक जण एकाच मध्यवर्ती भांडारातून चार्ट घेत. त्याची देखभाल मोजक्या स्वयंसेवकांना झेपेनाशी झाली व नोव्हेंबर 2020 मध्ये ते बंद करण्यात आले. पुढे अनेकांची भिस्त बिटनामीच्या संग्रहावर राहिली. 2025 मध्ये तेथील विनामूल्य पेट्यांच्या बहुतांश आवृत्त्या जुन्या साठ्यात हलविण्यात आल्या. त्यामुळे ज्यांनी आपल्या प्रती राखल्या नव्हत्या, त्यांचे आदेश तेच असूनही त्यांतील पत्ते निकामी होण्याची वेळ आली. त्याच वर्षी हेल्मची चौथी आवृत्ती प्रसिद्ध झाली.

भारतात ह्या पद्धतीचा मोठा संबंध सार्वजनिक सेवांच्या सॉफ्टवेअरशी आला. दीक्षा व्यासपीठाचे 5 सप्टेंबर 2017 रोजी उद्घाटन झाले. ते एकस्टेप फाउंडेशनच्या ‘सनबर्ड’ ह्या खुल्या सॉफ्टवेअरवर उभे आहे. सनबर्डच्या उभारणीसाठी जे साहित्य सर्वांना उपलब्ध आहे, त्यात घटकवार हेल्म चार्ट आढळतात. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्यावर महाराष्ट्राच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने दीक्षावरील साहित्याच्या आधारे दैनंदिन अभ्यासमाला सुरू केली आणि देशभरातून एकाच वेळी मागणी वाढली. अशा प्रसंगी मूल्यपत्रातील प्रतींचा आकडा वाढवून चार्ट पुन्हा लागू करता येतो. धाराशिव जिल्हा (2023 पर्यंत उस्मानाबाद) केंद्र सरकारच्या 2018 च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत होता. तेथील भूम, परंडा, लोहारा ह्यांसारख्या तालुक्यांतील शाळांना ह्या समूहाचा एकही संगणक आपल्याजवळ ठेवावा लागला नाही. अर्थात ज्या घरी एकच भ्रमणध्वनी होता व तो घेऊन वडील कामावर जात, किंवा ज्या वस्तीवर संदेशवहनाचा मनोरा पोहोचलाच नव्हता, तेथे समूहावरील सर्व प्रती सुरळीत चालू असूनही धडा पोहोचत नव्हता. समूहाच्या नोंदींत अशा घरांचा मागमूस नसतो.

2023 मध्ये शिक्षण मंत्रालयाने दीक्षासाठी ओरॅकल कंपनीच्या संगणकसुविधेची निवड केल्याचे जाहीर झाले. पाठ्यपुस्तकांवर आधीच छापलेले चौकोन मात्र तेच राहिले.