७८ मिनिटं आणि ८५ लाख मशीन्स

नशिराबादला घरी गेलो की "कॉम्प्युटर चालूच होत नाही रे, बघ जरा" हे ठरलेलं. त्यावर पहिला उपाय विंडोज ९५ पासूनचा: सेफ मोड. १९ जुलै २०२४ ला जगभरातल्या मोठमोठ्या कंपन्यांनाही हेच करावं लागलं!

तर झालं असं. त्या शुक्रवारी आपल्या घड्याळात सकाळी ९.३९ ला क्राउडस्ट्राइकने आपल्या सुरक्षा सॉफ्टवेअरला एक छोटी फाइल पाठवली. फाइलच्या हिशोबात माहितीचे २१ रकाने, प्रोग्रॅमकडे २०च. तो एकविसावा वाचायला गेला आणि विंडोज कोसळलं. त्याचा ड्रायव्हर विंडोजसोबतच सुरू होतो, म्हणून रीस्टार्ट केलं की पुन्हा निळा पडदा. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीन्स! त्या दिवशी आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिले गेले.

खरी गोम पुढेच आहे. ७८ मिनिटांत, १०.५७ ला, कंपनीने फाइल मागे घेतली. पण जे मशीन उठतच नाही, त्याला दुरुस्ती पोचणार कशी? मग बहुतेक ठिकाणी माणसानेच एकेका मशीनपुढे बसायचं, सेफ मोडमध्ये जायचं, 'सी-००००0२९१' ने सुरू होणारी फाइल उडवायची. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर आधी ४८ आकडी रिकव्हरी की. आणि ती की ठेवलेला सर्व्हरच बंद असेल तर? बसा बोंबलत!

२०२५ मध्ये विंडोज ११ ला न उठणारं मशीन इंटरनेटवरून दुरुस्त करायची सोय आली. चांगलंच आहे. पण मंडळी, ते ४८ आकडे आजच कागदावर उतरवून कपाटात ठेवा.