परदेशी बनावटीची स्वस्त इलेक्ट्रिक गिटार : पारख कशी करावी?

महाविद्यालयात पाऊल ठेवलेल्या मुलाने किंवा मुलीने इलेक्ट्रिक गिटारचा हट्ट धरला, की मध्यमवर्गीय घरात पहिला प्रश्न येतो तो किमतीचा. अमेरिकेत तयार झालेल्या फेंडर किंवा गिब्सनची किंमत लाखाच्या घरात जाते. साहजिकच खरेदीची चर्चा इंडोनेशिया किंवा चीनमधून येणाऱ्या, तुलनेने स्वस्त गिटारवर येऊन थांबते. अशा गिटारपैकी काही दहा-पंधरा वर्षे उत्तम साथ देतात, तर काही सहा महिन्यांत कपाटावर जातात. वाईट वाद्याने होणारे नुकसान केवळ पैशांचे नसते. तारा बोटांना कापतात, सूर जुळत नाही आणि शिकणारा 'आपल्यालाच जमत नाही' अशी समजूत करून घेऊन वाद्य सोडून देतो. म्हणूनच वाद्याची पारख आधी होणे महत्त्वाचे ठरते.

नकलेपासून नावापर्यंत

स्वस्त गिटारचा इतिहास जपानपासून सुरू होतो. सत्तरच्या दशकात जपानी कारखाने अमेरिकी गिटारच्या हुबेहूब प्रतिकृती तयार करू लागले. आयबानेझ या नावाने विकल्या जाणाऱ्या गिटारच्या डोक्याचा आकार आपल्या आकाराशी मिळताजुळता असल्याची तक्रार करत गिब्सनच्या तत्कालीन मालक कंपनीने १९७७ मध्ये अमेरिकेतील वितरकाला न्यायालयात खेचले. प्रतिकृतींचा दर्जा वाढत चालल्याचे ओळखून फेंडरने १९८२ मध्ये स्वतःच जपानमध्ये उत्पादन सुरू केले आणि 'स्क्वायर' हे नाव स्वस्त गिटारसाठी वापरात आणले. गिब्सनने १९५७ मध्ये विकत घेतलेल्या 'एपिफोन'चे उत्पादनही आधी जपान, मग कोरिया आणि पुढे चीन असे सरकत गेले.

मजुरीचे दर वाढतील तसे कारखाने देश बदलत राहिले. आज एकाच कारखान्यातून अनेक नावांच्या गिटार बाहेर पडतात. कॉर-टेक ही दक्षिण कोरियाची कंपनी 'कॉर्ट' हे स्वतःचे नाव सांभाळून इतर कंपन्यांसाठीही गिटार बनवते. त्यामुळे केवळ देशाच्या नावावरून दर्जा ठरवणे आता योग्य ठरत नाही.

काटकसर नेमकी कुठे होते?

संगणकनियंत्रित यंत्रे आल्यापासून गिटारचे लाकूड कापण्याच्या कामात महाग आणि स्वस्त वाद्यांतील अंतर पुष्कळ कमी झाले आहे. काटकसर होते ती माणसाच्या हाताने करायच्या कामात. फ्रेट घासून एका पातळीत आणणे, त्यांची टोके गुळगुळीत करणे, नटच्या खाचा योग्य खोलीपर्यंत कोरणे ही कामे वेळखाऊ असतात. त्याखालोखाल बचत होते ती खुंट्या, घोडी, स्विच आणि आतील वायरिंग यांवर. लखलखीत रंग आणि पॉलिश मात्र स्वस्त गिटारलाही सहज देता येते. नवखा ग्राहक नेमका त्यालाच भुलतो.

लाकडाबाबतही बरेच गैरसमज आहेत. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज पोलादी तारेच्या कंपनाने पिकअपच्या चुंबकीय क्षेत्रात होणाऱ्या बदलातून निर्माण होतो. त्यात लाकडाचा वाटा किती, यावर वादकांत एकमत नाही. लाकूड नीट वाळलेले आणि भक्कम असावे, एवढे मात्र निर्विवाद आहे. २०१७ च्या प्रारंभी शिसवाच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचे निर्बंध आले आणि अनेक कंपन्या बोटपट्टीसाठी अन्य लाकडांकडे वळल्या. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, पण नवी लाकडे टिकून राहिली. स्क्वायर व एपिफोनच्या अनेक मॉडेलच्या माहितीत दिसणारे 'इंडियन लॉरेल' हे लाकूड म्हणजे आपल्याकडील जंगलांतला परिचित ऐन होय.

आधी मान, मग बाकी सारे

गिटारची पारख मानेपासून करावी. गिटार डोळ्यांसमोर आडवी धरून डोक्याकडून घोडीकडे नजर टाकल्यास मानेला पीळ आहे का, हे लक्षात येते. मान किंचित अंतर्वक्र असणे मात्र आवश्यक असते. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबली असता आठव्या फ्रेटपाशी सुमारे पाव मिलिमीटर फट दिसावी. ही वक्रता मानेच्या आत बसवलेल्या ट्रस रॉड या लोखंडी सळईने कमी-जास्त करता येते. पीळ पडलेली मान मात्र या सळईने सरळ होत नाही.

त्यानंतर दोन्ही कडेच्या तारा मानेच्या काठांपासून समान अंतरावर आहेत का, ते पाहावे. एक तार काठाबाहेर घसरू पाहत असेल तर मान वाकडी जोडलेली असण्याची किंवा घोडी चुकीच्या जागी बसवलेली असण्याची शक्यता असते.

फ्रेट तपासण्यासाठी मानेच्या दोन्ही कडांवरून तळहात हळूच फिरवावा. टोके बोचत असतील तर घासकाम अपुरे आहे किंवा कोरड्या हवेत लाकूड आकसून फ्रेट बाहेर आले आहेत, असे समजावे. दमट प्रदेशात तयार झालेली गिटार वातानुकूलित दालनात महिनोन्महिने राहिली की असे घडते. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवावी. एखाद्याच ठिकाणी खरखर येत असेल, तर तिथला फ्रेट वर आलेला असतो.

सुराची परीक्षा

सतारीचे पडदे वादकाला सरकवता येतात. गिटारचे फ्रेट मात्र कायमचे ठोकलेले असतात. सूर जुळवण्याची सोय उरते ती घोडीवरच्या छोट्या आधारांत. बारावा फ्रेट हा तारेचा मध्य असतो. तिथे तारेला नुसते हलके बोट लावून उमटणारा स्वर आणि तार दाबून वाजणारा स्वर एकच यायला हवा. मोबाइलवरील ट्यूनरने ही चाचणी मिनिटभरात होते. दाबलेला स्वर चढा येत असेल तर आधार मागे सरकवून तारेची लांबी वाढवावी लागते. आधार पूर्ण मागे नेऊनही स्वर चढाच राहत असेल, तर ती गिटार न घेणेच शहाणपणाचे.

नटची परीक्षाही सोपी आहे. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली असता पहिल्या फ्रेटवर केसाएवढीच फट राहावी. फट जास्त असेल तर सुरुवातीचे कॉर्ड बेसूर वाजतात आणि बोटांना इजा होते. नवशिक्यांना छळणाऱ्या 'एफ' कॉर्डचा दोष पुष्कळदा बोटांत नसून नटमध्ये असतो.

वीज आणि आवाज

गिटार अॅम्प्लिफायरला जोडल्याशिवाय व्यवहार पूर्ण करू नये. स्विचच्या प्रत्येक स्थितीत आवाज यावा, बटणे फिरवताना करकर होऊ नये, जॅक सैल नसावा. एकेरी वेटोळ्याच्या पिकअपमध्ये थोडी घरघर असतेच, ती दोष नव्हे. तीच टाळण्यासाठी गिब्सनने १९५० च्या दशकात दुहेरी वेटोळ्याचा हंबकर आणला. तारांना हात लावल्यावर घरघर कमी झाली तर आतील जोडणी ठीक असते. ती वाढली तर जोडणी तपासून घ्यावी.

घरातील अर्थिंगकडेही दुर्लक्ष करू नये. जुन्या इमारतींत अर्थिंग नसेल किंवा अॅम्प्लिफायरची तिसरी पिन काढून टाकली असेल, तर पोलादी तारांतून विजेचा धक्का बसू शकतो. हा धोका गिटारच्या किमतीवर अवलंबून नसतो.

काय सुधारते, काय नाही

नटची उंची, तारांची उंची, खरखरणारी बटणे, सैल खुंट्या, साधारण पिकअप हे सारे दोष कारागिराकडून दूर होतात. पिळलेली मान, चुकीच्या जागी बसलेली घोडी, तडा गेलेला सांधा हे दोष सहसा स्वस्तात दूर होत नाहीत. खरेदीचा निर्णय याच भेदावर घ्यावा आणि ठरवलेल्या रकमेतून थोडे पैसे कारागिराकडून होणाऱ्या जुळवणीसाठी बाजूला ठेवावेत. नीट जुळवलेली साधी गिटार न जुळवलेल्या महागड्या गिटारपेक्षा शिकणाऱ्याला अधिक उपयोगी पडते.

नामांकित कंपनीची गिटार अविश्वसनीय किमतीत मिळत असेल तर ती बनावट असण्याची शंका घ्यावी. गिब्सनच्या डोक्यावरील ट्रस रॉडचे झाकण दोन स्क्रूंनी बसवलेले असते. बनावट गिटारवर अनेकदा तीन स्क्रू आढळतात. अनुक्रमांक कंपनीकडून पडताळून घेणे केव्हाही हिताचे.

पावसाळ्यात मान हलते, तारा गंजतात. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये.

एकाच मॉडेलच्या दोन गिटारही सारख्या नसतात. म्हणून शक्य तेथे दुकानात जाऊन, दोन-तीन नग हाती घेऊन, स्वतः वाजवता येत नसल्यास वाजवणाऱ्या परिचिताला सोबत नेऊन निवड करावी. रंग आणि नाव पाहण्याची वेळ त्यानंतरची.