अद्भुतरम्य संगणक-खेळांतील सहचर : सख्य, शृंगार आणि नकार

संगणकावरील अद्भुतरम्य भूमिका-खेळांचा इतिहास सामान्यतः यंत्रसामर्थ्याच्या वाढीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. नायकाबरोबर वाट चालणाऱ्या सहचरांचा विचार त्यात गौण ठरतो. वस्तुतः या कलाप्रकारातील सर्वांत मूलगामी परिवर्तन सहचराच्याच स्वरूपात घडले आहे. आज्ञाधारक साधन म्हणून प्रविष्ट झालेला सहचर पुढे स्नेह करू लागला, आणि कालांतराने तो स्नेह नाकारूही लागला. या तिसऱ्या अवस्थेवाचून दुसरीस अर्थ प्राप्त होत नाही, असे या इतिहासाचे अवलोकन केले असता दिसून येते.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद व फासे यांवर चालणारा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. वेतन देऊन बाळगलेल्या साथीदारांची निष्ठा अंकाने दर्शविण्याचा नियम त्यात होता. अंकाने मोजण्याची ही रीत संगणक-खेळांनी उचलली. परंतु त्या अंकामागील मनुष्य प्रारंभी उचलला नाही. १९८१ मधील 'विझर्ड्री'त सहा जणांचे पथक खेळाडू स्वतःच घडवी, आणि त्या सहांना स्वतःची अशी वाणी नसे. १९८५ च्या 'अल्टिमा ४' मध्ये सहचरांना नावे व नगरे लाभली. तथापि आठ सद्गुणांशी जोडलेली ती पात्रे बव्हंशी प्रतीकेच राहिली.

जपानमधील 'फायनल फँटसी ७' (१९९७) या खेळाने निराळी दिशा दाखविली. नायकाबरोबर एका सायंकाळी कोण फिरावयास येणार, हे खेळाडूच्या पूर्वीच्या वागणुकीवरून गुप्तपणे साठविलेले अंक ठरवितात. उलट एरिथ या नायिकेचा मृत्यू मात्र कोणत्याही अंकाने टळत नाही. जिव्हाळा खेळाडूच्या हाती आणि वियोग कथेच्या हाती, अशी ही विभागणी होती.

कॅनडातील एडमंटन येथील बायोवेअर संस्थेने २००० साली प्रसिद्ध केलेल्या 'बाल्डर्स गेट २' मध्ये शृंगारास प्रथमच विस्तृत संवादरूप मिळाले, असे नाही तरी त्याचा पुढील आदर्श तेथे सिद्ध झाला, यात संशय नाही. १९९८ च्या पहिल्या भागात खालिद व जाहीरा हे दांपत्य नायकास येऊन मिळते. दुसऱ्या भागाच्या आरंभीच खालिदचा मृतदेह आढळतो. यामुळे जाहीराशी जुळणारे प्रेम शोकाच्या छायेतच वाढते. संभाषण पुष्कळदा तीच आरंभिते, आणि अविचाराने दिलेले एखादे उत्तर त्या प्रेमाचा कायमचा शेवट करू शकते. या योजनेत एक वैगुण्यही होते. पुरुष-नायकासाठी तीन प्रेमिका होत्या, स्त्री-नायिकेसाठी मात्र अनोमेन हा एकच पुरुष.

याच संस्थेच्या 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स' (२००९) मध्ये प्रश्न अधिक तीव्र झाला. सहचराची पसंती उणे १०० पासून अधिक १०० पर्यंतच्या मापावर खेळाडूस उघड दिसते, आणि भेटवस्तू देऊन ती वाढविता येते. अशा रीतीने प्रेम विकत घेण्याची वाट मोकळी झाली. परंतु याच खेळात त्या मापाची मर्यादाही दाखविलेली आहे. आपल्या गुरुतुल्य डंकनच्या मृत्यूस जबाबदार असलेल्या लोगेनला जीवदान देऊन नायकाने पथकात घेतले, तर अ‍ॅलिस्टर पथक सोडतो. मापावरील अंक कितीही मोठा असला तरी तो थांबत नाही. मॉरिगनने सुचविलेला विधी नायकाने नाकारला, तर ती युद्धापूर्वीच निघून जाते. स्वीकारला, तर युद्धानंतर जाते. ज्याचे मोल चुकते केले, तेही जवळ राहत नाही.

'ड्रॅगन एज २' (२०११) मध्ये मैत्री व प्रतिस्पर्धा या दोन टोकांचे माप आले. मतभेदातूनही प्रेम संभवते, हे त्यामुळे मान्य झाले; शिवाय मूळ खेळातील चारही प्रेमपात्रे नायक पुरुष असो वा स्त्री, दोघांनाही अनुकूल ठेवण्यात आली. समतेच्या दृष्टीने हे पाऊल पुढचे होते. मात्र सर्वांसाठी सदैव उपलब्ध असणाऱ्या पात्राची स्वतःची आवड कोणती, ही शंका त्यातूनच उद्भवली. 'इन्क्विझिशन' (२०१४) मध्ये डोरियन हे पात्र केवळ पुरुषांवर अनुरक्त होते, हे या शंकेचे एक उत्तर म्हणता येईल.

यावर असा आक्षेप संभवतो की, नकारही लेखकाने आधीच लिहून ठेवलेला असतो. तेव्हा त्यात सहचराची इच्छा कोठून येणार? परंतु नाटकातील पात्रही लिहिलेलेच शब्द उच्चारते, आणि तरीही त्यास स्वभाव असतो. येथील विशेष एवढाच की, त्या स्वभावाशी खेळाडूच्या स्वतःच्या कृतीची गाठ पडते. जो सहचर नाकारू शकत नाही, त्याचा होकार हे केवळ पारितोषिक होय.

बेल्जियमच्या लॅरियन संस्थेने २०२३ साली काढलेल्या 'बाल्डर्स गेट ३' मध्ये, कथेतील शतकाहून अधिक काळानंतर, जाहीरा पुन्हा भेटते. ती नायकाबरोबर लढते, उपदेश करते, थट्टाही करते. प्रेमाचा मार्ग मात्र तिच्यापाशी उघडत नाही. एकेकाळी शृंगाराचा आदर्श ठरलेल्या पात्राकडे येथे केवळ सख्य उरते, आणि त्यामुळे तिचे मोल उणे होत नाही. सहचराचे महत्त्व त्याच्या प्राप्तीवर अवलंबून नाही, हा या इतिहासाचा निष्कर्ष त्यात प्रकट होतो.