घरातली जुनी फिल्म डिजिटल करताना

जुन्या ट्रंकेत फिल्मचे रीळ सापडले की त्यातले लग्न, नामकरण किंवा १४ एप्रिलची मिरवणूक कधी पाहतो असे होते. पण रीळ घाईने जुन्या प्रोजेक्टरवर चढवू नये, हे आम्ही आधीच सांगतो. वर्षांनुवर्षे पडून राहिलेली फिल्म आक्रसते, ठिसूळ होते आणि प्रोजेक्टरचे दाते तिची छिद्रे फाडतात.

फिल्म कशी ओळखावी?
घरगुती चित्रीकरणात मुख्यतः तीन प्रकार आढळतात : १६ मिमी (१९२३), ८ मिमी (१९३२) आणि सुपर ८ (१९६५). हे तिन्ही कोडॅकने आणले. ८ मिमी आणि सुपर ८ यांची रुंदी सारखीच असते, पण सुपर ८ची छिद्रे लहान आणि चित्रचौकट मोठी असते. सुपर ८चे ५० फुटी रीळ सेकंदाला १८ चौकटींच्या वेगाने ३ मिनिटे २० सेकंद चालते.

आधी काय तपासावे?
डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर अ‍ॅसिटेट फिल्म कुजू लागली आहे. ही प्रक्रिया उलटवता येत नाही आणि उष्ण, दमट हवेत ती वेग घेते. असे रीळ बाकीच्यांपासून वेगळे ठेवावे आणि त्याचेच काम आधी करावे.

काम कसे करून घ्यावे?
भिंतीवर पडलेले चित्र मोबाइलने टिपणे स्वस्त पडते. पण चित्र लुकलुकते आणि फिल्मही धोक्यात येते. दाते नसलेल्या यंत्रावर एकेक चौकट स्कॅन करून घेणे उत्तम. काम देण्यापूर्वी विचारावे : फिल्म साफ करणार का? मूळ वेग राखणार का? फिल्मवर आवाजाची पट्टी असल्यास आवाजही उतरवणार का? कमीत कमी दाबलेली मूळ फाइल देणार का? रीळ परत मिळाल्यावर टाकून देऊ नये. उद्या त्यातूनच अधिक चांगली प्रत निघू शकते.

जतन कसे करावे?
तीन प्रती ठेवाव्यात. त्या दोन वेगवेगळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी असावी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली प्रत जतनासाठी धरू नये.

शेवटचे काम यंत्राचे नाही. आजीला शेजारी बसवा, चित्र थांबवत जा आणि कोण, कुठे, कधी ते लिहून घ्या. आजी सांगतील तो आवाजही रेकॉर्ड करा. फिल्म आणखी काही वर्षे तग धरेल, पण चेहरे ओळखणारी माणसे आज आहेत. नावे हरवली, तर स्वच्छ स्कॅनमध्येही आपलीच माणसे अनोळखी होऊन बसतील.