घमेल्यापासून थापीपर्यंत

अर्थशास्त्र, कामगार कायदा, बालसंगोपन, स्थापत्य अशा कोणत्याही वाटेने बांधकामावरच्या बायकांच्या अभ्यासात शिरता येतं. मात्र साईटवर पाय ठेवल्याशिवाय यातली एकही वाट फार पुढे जात नाही.

आधी एक फरक ध्यानात घ्यावा. अमेरिकेत बायकांचा झगडा साईटच्या फाटकातून आत शिरण्यासाठी होता. १९७८ साली तिथल्या केंद्र सरकारने सरकारी कंत्राटांवरच्या कामाच्या तासांपैकी ६.९ टक्के बायकांकडे असावेत, असं उद्दिष्ट ठरवलं. १९८१ मध्ये ‘शिकागो विमेन इन ट्रेड्स’ ही संघटना उभी राहिली, ती सुतारकाम, प्लंबिंग, वायरिंग करणाऱ्या बायकांनी एकमेकींना धरून राहावं म्हणून. आपल्याकडे बाई फाटकाच्या आत कधीचीच आहे. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं आणि हजेरीत नाव बिगारी म्हणून. तिचं अडतं ते त्यापुढे. त्यामुळे तिकडचे नमुने जसेच्या तसे इकडे लावू पाहणारं लिखाण मला पटत नाही.

अडतं कुठे, ते जवळून पाहू. गवंडीकाम बहुतेक जण मिस्त्रीच्या हाताखालीच शिकतात. जेवणाच्या सुट्टीत, नाहीतर संध्याकाळी काम आवरताना मिस्त्री हाताखालच्या पोराला म्हणतो, “लाव रे चार विटा, बघू.” पोरगा वीट बसवतो, ओळंबा सोडतो, भिंत कुठे कलली ते मिस्त्री दाखवतो. काही वर्षांत थापी त्याच्या हातात येते. नेमकी तीच वेळ बाईला बाळाला पाजायला, चूल पेटवायला, पाणी भरायला पुरत नाही. मजुरी पुष्कळदा ‘जोडी’च्या हिशेबाने नवऱ्याच्या हातात पडते. १९७६ साली समान वेतनाचा कायदा आला खरा, पण बाईला मिस्त्रीचं कामच मिळालं नाही, तर समानता कशाशी मोजणार?

म्हणून बायकांना मिळणाऱ्या आधाराचा अभ्यास या एका प्रश्नापासून सुरू करावा, असं मला वाटतं: शिकायचा तो तास बाईला कोणी मोकळा करून दिला?

या प्रश्नातून पाहिलं की पाळणाघराचं मोल वेगळंच दिसू लागतं. १९६९ मध्ये दिल्लीत राजघाटाजवळ गांधी जन्मशताब्दीचं बांधकाम चालू होतं. तिथे धुळीत पडलेली मजुरांची मुलं पाहून मीरा महादेवन यांनी पाळणाघर सुरू केलं आणि त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था वाढली. साईट हलली की पाळणाघरही हलायचं. मोकळ्या तासात शिकवणारंही कोणी हवं. अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ साली स्थापलेल्या ‘सेवा’ या कामगार बायकांच्या संघटनेने पुढे बांधकाम मजूर बायकांना गवंडीकामाचं रीतसर शिक्षण द्यायला सुरुवात केली. मराठवाड्यातला अनुभव तर आपल्या अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने महिला मंडळांच्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. भिंत मजबूत कशी करायची, हे त्या स्वतः समजून घेत आणि गावाला समजावत. जिथे मंडळ आधीपासून होतं, तिथे हे ज्ञान एकीकडून दुसरीकडे जायला वाट तयारच होती.

कायद्याचा भाग रूक्ष वाटतो, पण तो टाळू नये. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासहून अधिक बायका असलेल्या कामावर पाळणाघर सक्तीचं केलं आणि कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याची अट घातली. मजूर नाक्यावर रोज सकाळी नवा मुकादम गाठणाऱ्या बाईला हा ९० दिवसांचा दाखला देणार कोण? तिच्याबरोबर ठेकेदाराकडे, मग कार्यालयात, मग पुन्हा ठेकेदाराकडे जाणारी संघटनेची कार्यकर्ती नसेल, तर मंडळाकडचा पैसा तिच्यापर्यंत येतच नाही. या हेलपाट्यांवर फार थोडं लिहिलं गेलं आहे. नव्या अभ्यासकाने इथेच बसकण मारावी.

काम मात्र वेगाने बदलतंय. मोठ्या शहरांत तयार काँक्रीट गाडीतून येतं आणि पंपाने वर चढतं. स्लॅब टाकताना हातोहात घमेली वर पोचवणारी बायकांची रांग तिथे लागतच नाही. त्या बायका कुठे गेल्या, त्यांतल्या कितींच्या हाती थापी, ग्राइंडर किंवा टेस्टर आला, आणि तो येताना त्यांच्या पाठीशी कोण उभं होतं, याच्या नोंदी आता साईटवरच करायला हव्यात.