परधानांच्या किंगरीची कुळकथा

दिवाळी जवळ आली की आदिलाबाद जिल्ह्यातल्या इंद्रवेल्लीच्या भोवतालच्या गोंड गुड्यांतून, म्हणजे वस्त्यांतून, दंडारीचे नाचाचे मेळे निघतात. मोरपिसांचे भलेमोठे टोप घातलेले गुसाडी आणि त्यांच्यासोबत ढोल, पेपरे वाजवणारे. एका गावानं दुसऱ्या गावी पाहुणं म्हणून जायचं, रात्र नाचण्या-गाण्यात घालवायची. पुढं पौष अमावस्येला याच मंडळातल्या केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. तिच्यासाठी मेश्राम कुळाची माणसं गोदावरीचं पाणी पायी चालत आणतात.

नाच सगळ्यांचा असतो. कुळाची आणि देवांची मूळ कथा गायचा मान मात्र परधानाचा. गोंडांच्या प्रत्येक कुळाला आपला वंशपरंपरेचा परधान असतो. देवकार्यात तो तीन तारांच्या किंगरीवर गोंडांचा आद्य धर्मपुरुष पहांदी कुपार लिंगल याची कथा लावतो आणि यजमान त्याला दान देतो. आदिलाबादकडचे हे परधान गातात गोंडीत, पण घरात बोलतात मराठी! एका समाजाची स्मृती मराठी मातृभाषेच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ सांभाळली, आणि आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात त्यांची नोंद शोधावी लागते. याचं मला फार वाईट वाटतं.

ही गाणी कागदावर आली ती एका बंडानंतर. 1940 साली जोडेघाटला निजाम सरकारविरुद्ध उठलेले गोंड नेते कुमराम भीम मारले गेले. गोंड का पेटले हे समजून घेण्यासाठी निजाम सरकारनं मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना इकडं पाठवलं. ते मूळचे ऑस्ट्रियाचे. महायुद्धामुळं हैदराबाद संस्थानातच अडकलेले. पत्नी बेटी यांच्यासह ते मारलवाई या गोंड गावात राहिले, परधानांपाशी बसून कथा उतरवून घेतल्या. त्यातून 1948 साली आदिलाबादच्या राजगोंडांवरचा त्यांचा ग्रंथ निघाला. त्यांची छायाचित्रं, चित्रफिती आणि टिपणं आज लंडन विद्यापीठाच्या सोआस या संस्थेत आहेत. म्हणजे आजोबांचं गाणं नातवाला हवं असेल तर वाट लंडनवरून जाते.

घरचं दप्तर मात्र अगदीच रिकामं नव्हतं. नारनूरजवळच्या गुंजाळा गावात गोंडीच्या स्वतंत्र लिपीतली जुनी हस्तलिखितं निघाली. 2006 पासून प्रा. जयधीर तिरुमल राव यांनी त्यांचा अभ्यास पुढं आणला. लिपी वाचू शकणारे मोजकेच वृद्ध तेव्हा उरले होते. 2018 साली ती युनिकोडमध्ये दाखल झाली. आता मोबाइलवरही लिहिता येते.

आज महाराष्ट्रात असलेले किनवट आणि राजुरा हे तालुके 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. तिकडच्या वाचकांनो, तुमच्या गावात किंगरी वाजवणारे म्हातारे परधान असतील तर त्यांच्या घरी जा. त्यांना विचारून, त्यांचा मान ठेवून पूर्ण कथा ध्वनिमुद्रित करा, आणि एक प्रत त्यांच्याच नातवंडांच्या शाळेत ठेवा.