हल्स्टेड मार्गावरील टकळी

शिकागो शहराच्या पश्चिम भागात, हल्स्टेड मार्गावर, चार्ल्स हल नामक धनिकाने 1856 साली बांधलेल्या वाड्यात इ.स. 1889च्या सप्टेंबरात जेन अ‍ॅडम्स व एलेन गेट्स स्टार या दोन सुशिक्षित तरुणींनी, लंडनमधील टॉयन्बी हॉल या, सुशिक्षितांनी गरिबांच्या वस्तीत राहून चालवलेल्या सेवाकेंद्राचा कित्ता गिरवीत, बिऱ्हाड थाटले, तेव्हा त्या मुलखात इटालियन, बोहेमियन, जर्मन, आयरिश आणि रशिया-पोलंडातून आलेली ज्यू कुटुंबे भिंतीला भिंत लावून, परंतु परस्परांच्या भाषेला सर्वस्वी पारखी राहून, दिवस कंठीत होती. या बिऱ्हाडाच्या, म्हणजेच हल हाऊसच्या, मंडळींनी 1895 साली प्रसिद्ध केलेल्या नकाशात रहिवाशांच्या मूळ देशाप्रमाणे वस्तीला निरनिराळे रंग दिलेले आहेत. त्या दस्तऐवजाकडे पाहताना, ठिगळे मांडून ठेवलेली पण अद्याप टाका न घातलेली गोधडी पुढ्यात असल्याचा भास होतो.

प्रारंभी स्टारबाईंची भिस्त चित्रदर्शनावर होती. 1891 साली बटलर चित्रदालन उघडले, आणि 1894मध्ये सार्वजनिक शाळांतून उत्तम चित्रे लावण्याची तजवीज करणारी संस्थाही निघाली. हेतू स्तुत्य खरा. तथापि भिंतीवरचे चित्र पाहणारी मुले शेजारी उभी राहिली, तरी एकमेकांची होत नाहीत. बाईंनाही हे उमगले असावे, कारण पुढे त्या स्वतः लंडनला जाऊन कॉब्डन-सँडरसन यांच्यापाशी पुस्तकबांधणी शिकून आल्या.

खरी कलाटणी मिळाली ती 1900 साली हल हाऊसमध्ये स्थापन झालेल्या श्रम-संग्रहालयाने. रस्त्याने जाताना एक इटालियन वृद्धा टकळीवर सूत काढीत बसलेली अ‍ॅडम्सबाईंना दिसली, आणि गिरणीत राबणाऱ्या मुलांना आपल्या आईबापांच्या हातातील विद्येचा थांगपत्ता नाही, हे शल्य त्यांच्या मनात घर करून राहिले. मग त्याच वस्तीतील स्त्रियांना त्यांच्या टकळ्या व चरखे घेऊन दर शनिवारी संध्याकाळी पाचारण करण्यात आले. अँजेलिना नावाच्या मुलीची हकिकत बाईंनी आत्मचरित्रात नोंदवली आहे. डोक्याला रुमाल बांधणाऱ्या, गावंढळ बूट घालणाऱ्या आईबरोबर पाकवर्गातील मैत्रिणींनी आपल्याला पाहू नये, म्हणून ही पोर निराळ्या दाराने आत येई. एके दिवशी अध्यापनशास्त्राच्या शिक्षणसंस्थेतून आलेले पाहुणे आईभोवती कोंडाळे करून तिच्या कताईची वाखाणणी करीत असल्याचे तिने पाहिले, आणि अमेरिकेत टकळीवर सूत काढण्यात आपल्या आईची बरोबरी कोणी करू शकत नाही, असा निष्कर्ष काढून ती बाईंकडे आली. बाईंनी दुजोरा दिला, आईने मागे सोडलेल्या गावाची कहाणी सांगितली. त्यानंतर पेटीत दडवलेली घरच्या विणीची वस्त्रे बाहेर निघाली, आणि मायलेकी एकाच दाराने येऊ लागल्या. परक्यांच्या मुलांत मिसळण्यापूर्वी स्वतःच्या घराची लाज जावी लागते, ही गोष्ट कित्येक समाजसुधारकांच्या गावीही नसते.

मुलामुलांतील भाषेची भिंत मात्र उरलीच होती. तिला खिंडार पाडण्याचे श्रेय नीव्हा बॉइड यांच्याकडे जाते. त्यांनी हल हाऊसमध्ये खेळांचे शास्त्रशुद्ध शिक्षण दिले. त्यांची शिष्या व्हायोला स्पोलिन हिने पुढे, महामंदीच्या काळात सरकारने काढलेल्या रोजगार योजनेच्या नाट्यविभागाची जबाबदारी सांभाळताना, परदेशी कुटुंबांतील व झोपडपट्टीतील मुलांसाठी असे खेळ रचले की ज्यांत पाठांतराची संहिताच नाही. दोघांनी समोरासमोर उभे राहून एकाने दुसऱ्याचे प्रतिबिंब व्हावे. नसलेला दोर उभय पक्षांनी जिवाच्या आकांताने ओढावा. कोणत्याच भाषेत नसलेल्या बडबडीतून आपले मनोगत सांगावे. येथे इंग्रजी सफाईने बोलणाऱ्याला अधिक मान नव्हता, आणि नुकत्याच आगबोटीतून उतरलेल्याला कमीपणा नव्हता. दोर दोघांनीही मानल्याखेरीज तो ताणलाच जात नसे.

1959 साली स्पोलिनबाईंचे चिरंजीव पॉल सिल्स यांनी सहकाऱ्यांसह शिकागोत ‘सेकंड सिटी’ ही नाट्यसंस्था काढली, तेव्हा निर्धन पोरांसाठी शोधलेले हेच खेळ तिच्या नटांच्या तालमीचा पाया ठरले आणि शहरातील रसिक तिकिटे काढून त्यांचे फळ पाहू लागले.